वेळेवर पोचण्याची किंमत

“कामावर जायला उशीर होतो का?” डॉक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही. बिलं भरायची राहून जातात? नाही. घरात पसारा असतो? तोही चारचौघांसारखाच. त्या लिहून घेत होत्या आणि माझ्या पोटात गोळा येत होता, कारण सगळी उत्तरं खरी होती आणि तरी त्यांतून माझ्याबद्दल काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “बरं, वेळेवर पोचण्यासाठी तुम्हाला काय काय करावं लागतं, ते सांगा.”

चाळिशी उलटेपर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगायला लागले. इंदूरच्या एका शाळेत मी गणित शिकवते, शाळा सकाळची. मी चारला उठते. आवरायला एवढा वेळ लागत नाही; पण मधेच कुठेतरी वेळ नाहीसा होतो हे ठाऊक असतं, म्हणून तो जास्तीचा धरून ठेवावा लागतो. तयारी झाली की चपला घालून, पर्स खांद्याला लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसते आणि निघायची वेळ होईपर्यंत कशालाही हात लावत नाही. पेपर उचलला, किंवा कुंडीतलं एक वाळकं पान तोडायला गेले, की संपलं. मोबाइलमध्ये ओळीनं अलार्म लावलेले आहेत, सगळे नुसते थरथरणारे, म्हणजे किती अलार्म आहेत ते घरात कळू नये. पगार जमा झाला की त्याच दिवशी महिन्याभराची बिलं भरून टाकते, कारण अठरा तारखेला भरायचं बिल माझ्यासाठी अठरा तारीख उजाडेपर्यंत अस्तित्वातच नसतं. दूध तापत असेल तर ओट्यापासून हलत नाही. आठवणीच्या चिठ्ठ्या फ्रिजवर कधीच लावत नाही, कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. पाहुणे येणार असले की सगळं मागच्या खोलीत जातं आणि त्या खोलीला कडी लागते. समोरच्याचं बोलणं मधेच तोडू नये म्हणून नख बोटात रुतवून धरते. बोलणं लांबलं तर खूण उमटते. आणि शेजारच्या काकू कौतुकानं म्हणतात, “हिचं सगळं कसं घड्याळावर असतं हो!”

डॉक्टरबाई मधे एकदाही बोलल्या नाहीत. त्यानंतर आणखी भेटी झाल्या, आईला बोलावणं झालं, ट्रंकेतून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं काढून झाली, आणि मला एडीएचडी आहे हे ठरलं. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मी घरी आले आणि रात्री बऱ्याच उशिरापर्यंत गच्चीवर बसून राहिले. दुःख असं नव्हतं. इतकी वर्षं जे एकटीनं वाहिलं त्याला वजन होतं, हे कुणीतरी पहिल्यांदा मान्य केलं होतं.

नावात लक्षाची उणीव आहे म्हणून लोकांना वाटतं, यांचं कशात लक्षच लागत नसेल. माझं लागतं. एखादं प्रमेय वेगळ्या रस्त्यानं सुटतंय असं दिसलं तर जेवणाचीही शुद्ध राहत नाही. अडचण आहे ती लक्ष हवं तिथं नेण्याची आणि हवं तेव्हा तिथून उठवण्याची. त्यासोबत चालू कामापुरतं डोक्यात धरलेलं निसटतं, आणि वेळ जाताना जाणवत नाही. कामाचा क्रम लावणं, ते सुरू करणं, थांबवणं हे मेंदूच्या ज्या यंत्रणांकडे असतं त्या वेगळ्या पद्धतीनं घडलेल्या असतात, आणि डोपामिनसारख्या रसायनांचा त्यात मोठा भाग असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. म्हणजे आईनं वळण लावलं नाही, शिस्त कमी पडली, मोबाइलनं वाट लावली, यांतलं काहीही याचं मूळ नाही.

“आजकाल सगळ्यांनाच असतं ते,” हेही मला ऐकवलं गेलं. सगळ्यांना नसतं. किल्ल्या प्रत्येकाच्याच हरवतात. निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणजे फक्त ऑफिसात किंवा फक्त घरी नाही, आणि त्यांनी आयुष्याची खरी अडवणूक केलेली असावी लागते. माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलं होतं, “हुशार आहे, वर्गात ध्यान देत नाही.” इंदूरचं मराठी ते, त्यात ध्यानच असायचं. गणितात पैकीच्या पैकी मार्क होते, म्हणून त्या ओळीकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही.

मुलींच्या बाबतीत असंच होत आलंय. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली, आणि पुढे कितीतरी दशकं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे राहिला तो बाकावर न बसणारा, धडपडणारा मुलगा. जो इतरांना त्रास देतो तोच दवाखान्यात नेला जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथात १९८० साली लक्षाच्या अडचणीला मध्यवर्ती जागा मिळाली आणि धावपळ न करणाऱ्या मुलांनाही हे असू शकतं असं लिहिलं गेलं. मोठ्या माणसांसाठी निकष थोडे सैल झाले ते थेट २०१३ च्या आवृत्तीत. लहान वयात निदान झालेल्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पुढे असतात, आणि प्रौढांमध्ये हे अंतर बरंचसं मिटतं. मधल्या काळात बायका एकाएकी आजारी पडत नाहीत. त्या आधीही होत्याच. मोठ्या झाल्यावर स्वतःच्या पायानं डॉक्टरकडे जातात, बऱ्याचदा स्वतःच्या मुलाचं निदान झाल्यावर त्याच्या कागदावर स्वतःचंच वर्णन वाचून.

माझ्या वर्गात मला आता त्या मुली दिसतात. तिसऱ्या-चौथ्या बाकावर, वहीच्या समासात बारीक नक्षी काढत बसलेल्या. नाव पुकारलं की दचकतात, आणि शेजारणीच्या वहीत डोकावून चटकन बरोबर पानावर येतात. दहाव्या वर्षी त्यांना ही कला साधलेली असते. मुलगा बाकावरून उडी मारतो तेव्हा शाळा त्याच्या आईवडिलांना बोलावते. या मुली कुणालाच त्रास देत नाहीत. त्यांच्यातली एखादी कंपासपेटी दिवसातून किती वेळा तपासते ते मी बघितलंय. तपासताना तिचा चेहरा घाबरलेला असतो.

आता घरातलं सांगते. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, माझ्यासारखाच आहे. त्याचं निदान झालेलं नाही आणि ते करायचा मला अधिकार नाही. पण एकाच घरात वाढलोय, एवढं ओळखू येतं. दादा किल्ली विसरला की आई हसायची, भोळा सांब आहे म्हणायची आणि किल्ली शोधून द्यायची. त्याच्या परीक्षेच्या तारखा आईच्या डोक्यात, फीची आठवण बाबांना. लग्नानंतर ते सगळं वहिनीकडे गेलं: डबा, औषधाच्या गोळ्या, विम्याचा हप्ता, सासरच्या लग्नाला कधी निघायचं. दादा आज चांगल्या हुद्द्यावर आहे आणि त्याच्या हुशारीबद्दल मला अभिमान आहे. त्याला जन्मभर जी मदत मिळाली, तीच एडीएचडी असलेल्या माणसाला लागते. कुणीतरी आठवण ठेवणारं, कुणीतरी क्रम लावून देणारं. त्याला ती मागावीच लागली नाही, म्हणून ती मदत आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मात्र त्या घरची मुलगी आणि या घरची सून. आठवण ठेवणं हेच माझं काम. मुलांच्या लसी, सासऱ्यांची बीपीची गोळी, गॅसचा नंबर, कुणाकडे बारसं, कुणाला काय आहेर दिला होता आणि परत काय द्यायचं. मेंदूचा जो भाग माझ्यात कच्चा आहे, नेमका त्यावरच बाईचं चांगलं-वाईट ठरतं.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. मला त्या दिवसांची मनापासून ओढ आहे. मुखवटे पुसून साडी नेसवताना डोळे भरून येतात. पण दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक म्हणजे पुरण, आंबील, कटाची आमटी, सोळा भाज्या, कोशिंबिरी, सगळं सोवळ्यात, सगळं बाराच्या नैवेद्याला एकाच वेळी तयार, आणि ओट्यापाशी चार बायका चार बाजूंनी बोलताहेत. कुठलं पातेलं आधी चढवायचं, कुठल्या डाळीला किती वेळ लागेल, सवाष्णींची पानं कुणी मांडायची, हे सगळं एकाच डोक्यात एकाच वेळी. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकाचा क्रम वेळेसकट लिहून काढायचे आणि पहाटे पाठ करायचे. कागद ओट्यावर ठेवला तर कुणीतरी म्हणेल, “इतकी वर्षं झाली, अजून लिहावं लागतं?” आवरल्यावर तो कागद फाडून टाकायचे. विसर्जनानंतर सगळ्यांना थकवा येतो, मला मात्र नंतरचे कित्येक दिवस साधं वाक्य जुळवणं जड जायचं. स्वयंपाकाचे कष्ट जावेलाही माझ्याइतकेच होते. कागद लपवण्याचे फक्त मला होते.

माझं सगळं म्हणणं या कागदाबद्दल आहे. कागद लिहिणं ही माझी गरज. ती भागवायला दहा रुपयांची वही पुरते. ती लपवायला मात्र सगळी शक्ती लागते. शिवाय चांगलं लपवलं की लपवण्यातलं यशच आपल्याविरुद्ध पुरावा होतं: सगळं तर जमतंय, मग हवंय काय तुला? डॉक्टरही फसू शकतात. त्यांचे प्रश्न बिघडलेल्या गोष्टी मोजतात आणि आपण काहीच बिघडू दिलेलं नसतं.

अहिल्यादेवींचं नाव घेऊन आमच्या शहरात मुली मोठ्या होतात. नेटका कारभार, चोख हिशेब, एकटीनं राज्य सांभाळलं. मीही त्या नावापुढे हात जोडतच वाढले. पण त्यांच्या कारभाराला दप्तर होतं, कारकून होते, कागद लिहिणारे आणि जपून ठेवणारे लोक होते. लिहून ठेवणं हीच कारभाराची रीत होती. आजच्या सुनेनं मात्र पूर्ण संसाराचं दप्तर डोक्यात ठेवावं आणि तिथं एखादा कागद दिसला तर शरमावं, ही अपेक्षा कुठून आली?

आणि दररोज सकाळी आमच्या गल्लीत जे घडतं ते बघा. इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिलं. ते कसं जमलं? लोकांना एकाएकी चांगल्या सवयी लागल्या म्हणून नाही. गाडी दारात येते, ठरलेल्या वेळी, गाणं वाजवत, म्हणजे वेळ कुणी लक्षात ठेवायला नको. तिला ओल्याचा, सुक्याचा, प्लास्टिकचा, इलेक्ट्रॉनिकचा, घातक कचऱ्याचा, सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा, म्हणजे काय कुठं टाकायचं हे डोक्यात धरायला नको. लाखो माणसांच्या शहरानं स्मरणशक्तीवर भरवसा ठेवला नाही, आठवण करून देणारी व्यवस्था उभी केली. त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही, आम्ही तर अभिमानानं सांगतो. एका बाईनं स्वतःच्या स्वयंपाकघरात तेच केलं तर?

झाकून ठेवण्याची किंमत नुसत्या थकव्याची नसते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्टीफन हिनशॉ यांनी १९९०च्या दशकात एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा अभ्यास सुरू केला आणि त्या मोठ्या होईपर्यंत चालू ठेवला. २०१२ साली त्यांच्या गटानं जे मांडलं ते वाचून मी हादरले. लहानपणी लक्षाच्या आणि आवेगाच्या दोन्ही अडचणी असलेल्या मुलींपैकी सुमारे २२ टक्क्यांनी तरुण होईपर्यंत जीव द्यायचा प्रयत्न केला होता; तुलनेसाठी घेतलेल्या, एडीएचडी नसलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही असंच कितीतरी जास्त. वर्षानुवर्षं “ध्यान कुठं असतं तुझं” ऐकणाऱ्या मुलीच्या आत काय साठत असेल, ते मला या आकड्यांआधीही माहीत होतं. हे वाचताना कुणाच्या मनात तसं काही येत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. लावा तो.

म्हणून मला “एडीएचडी ही दैवी देणगी आहे” असं सांगणारे गोड व्हिडिओ आवडत नाहीत. कल्पना सुचतात, संकटात डोकं भराभर चालतं, हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण देणगी म्हटलं की मदत मागायची सोय उरत नाही.

औषधाबद्दल थोडं. मी मेथिलफेनिडेट घेते. १९४४ साली लिअँड्रो पॅनिझॉन या स्विस कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं आणि बायकोच्या नावावरून, तिचं लाडकं नाव रीटा म्हणून, त्याचं बाजारातलं नाव रिटालिन पडलं. पुढे ते प्रामुख्यानं लहान मुलग्यांना दिलं गेलं आणि बायकांपर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली, हे मला फार लागतं. सगळ्यांना ते चालत नाही. रक्तदाब, हृदय तपासावं लागतं, आणि काहींना ॲटोमॉक्सेटिनसारखं दुसरं औषध देतात. मला मेथिलफेनिडेटनं आवाज कमी झाल्यासारखं वाटतं, चार बायका चार बाजूंनी बोलत असतानाचा आवाज. हे औषध अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येतं, त्यामुळे दुकानदार चिठ्ठी नीट बघतो. सुरुवातीला मी ते लोकमान्य नगरातून थेट पलासियाला जाऊन आणायचे, आपल्या ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. आमच्या पिढीला मनाचे डॉक्टर म्हटलं की बाणगंगेचं सरकारी मनोरुग्णालयच आठवतं. आता कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते.

आणखी एक, जे माझ्या वयाच्या बायकांना कुणी सांगत नाही. इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाचा डोपामिनच्या कामाशी संबंध आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि पाळी जायच्या वर्षांत ते खाली येतं, तेव्हा अनेकींची लक्षणं वाढतात. जन्मभर रचलेल्या युक्त्या पंचेचाळिशीत अचानक पुऱ्या पडेनाशा होतात आणि बाईला वाटतं आपल्याला विसरण्याचा रोग लागला. यावर संशोधन फार उशिरा सुरू झालं. अशी कुणी तुमच्या घरात असेल तर तिला “वय झालं” म्हणून गप्प करू नका.

घरी मी सांगितलं तेव्हा नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं कपाटाच्या दारामागची चिठ्ठी काढली आणि फ्रिजवर लावली. दुसऱ्या दिवसापासून बिलं, गॅस आणि सासऱ्यांच्या गोळ्या त्याच्याकडे. “तुला मदत करतो” असं म्हणाला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सासूबाईंना नाव कळलं नाही, ते त्यांना महत्त्वाचंही वाटलं नाही. पण गेल्या महालक्ष्म्यांना मी कागद ओट्याच्या वर टाईल्सवर चिकटवला, तर त्या चष्मा लावून सगळा वाचून गेल्या आणि म्हणाल्या, “आंबील लिहायची राहिली आहे, लिही.” जावेनं फोटो काढून घेतला, तिला पुढच्या वर्षी हवा म्हणून. माझी आई मात्र अजून रडते. तिला वाटतं, तिनं मला रागावून रागावून मोठं केलं. मी तिला सांगते, तू जे दादाला दिलंस ते मला दिलं नाहीस एवढंच, आणि तेही तुला कुणी दिलं नव्हतं. कारण तीही लग्नाच्या याद्या साडीच्या घडीत लपवून ठेवायची, हे मला आता आठवतं.

सगळीकडे सांगितलेलं नाही. हळदीकुंकवाला अजून मी नख रुतवूनच बसते, तिथं ते परवडतं. शाळेत सांगणं अवघड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, २०१६ सालच्या, २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. तेव्हा मागणं हे समोरच्याच्या समजुतीवर सोडून द्यावं लागतं, आणि “मॅडमना मानसिक आहे” हे वाक्य शिक्षक-खोलीतून पालकांपर्यंत पोचायला मधली सुट्टी पुरते. म्हणून इथं माझं नाव घातलेलं नाही.

तरी नव्या सत्राच्या आधी मुख्याध्यापकांना भेटायचं ठरवलंय. काय मागायचं ते लिहून काढलंय. पेपर तपासायला एक रिकामा वर्ग, शिक्षक-खोलीच्या गलबल्यापासून दूर. बैठकीत तोंडी दिलेल्या सूचना त्याच दिवशी लेखी, सगळ्यांनाच. तास बदलला तर निदान आदल्या दिवशी कळवणं. आणि चौथी मागणी मुलांसाठी: गृहपाठ तोंडी न सांगता प्रत्येक वर्गात फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात लिहायचा आणि शाळा सुटेपर्यंत पुसायचा नाही. माझ्या वर्गात मी ते कधीच सुरू केलंय. कंपासपेटी तपासणारी ती मुलगी आता सुटताना त्या कोपऱ्याकडे बघून वहीत उतरवून घेते, आणि तिच्या मागे निम्मा वर्ग उतरवून घेतो.